पातळ थर बसवतानाचे तापमान आणि अर्धवाहकाचे गुणधर्म : ‘सर्वोत्तम तापमान’ खरोखर असते का?

काचपट्टी (धागाकर्ता)

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रकल्पांमध्ये एक विषय दरवर्षी हमखास असतो. एखाद्या अर्धवाहकाचे पातळ थर चार-पाच निरनिराळ्या तापमानांना काचेवर बसवायचे, प्रत्येक थराचे एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणे), प्रकाशशोषण आणि विद्युत रोधकता मोजायची, आणि शेवटी अमुक तापमान सर्वोत्तम ठरले असा निष्कर्ष लिहायचा. आपल्याकडे हा विषय रुजण्यामागे चांगले कारण आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागाने केमिकल बाथ (काच रासायनिक द्रावणात बुडवून थर बसवणे) आणि स्प्रे पायरोलिसिस (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बसवणे) या पद्धतींवर अनेक दशके काम केले आहे, आणि या पद्धतींना महागडी निर्वात यंत्रणा लागत नसल्याने साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही त्या करता येतात. मी स्वतः असे प्रकल्प करून घेतो आणि विषयावर माझे प्रेम आहे. म्हणूनच त्यातला एक दोष मला फार खटकतो आणि त्यावर इथल्या जाणकारांशी बोलावेसे वाटते.

उदाहरण म्हणून कॅडमियम सल्फाइड घेतो. बाथमध्ये कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया असतात, आणि तापमान साधारणतः 60 ते 85 अंश सेल्सिअस ठेवतात. अमोनिया कॅडमियमच्या आयनांना बांधून ठेवतो आणि ते थोडे थोडेच मोकळे होतात; दुसरीकडे अल्कधर्मी द्रावणात थायोयुरियाचे विघटन होऊन सल्फाइड आयन सावकाश तयार होतात. तापमान वाढवले की या दोन्ही गोष्टींचा वेग वाढतो. कमी तापमानाला आयन काचेच्या पृष्ठभागावर एकेक करून जोडले जाण्याला वाव असतो आणि घट्ट चिकटलेला, पारदर्शक थर मिळतो. तापमान फार वाढले तर द्रावणातच कण तयार होऊ लागतात, बाथ गढूळ पिवळा होतो आणि ते कण काचेवर जाऊन बसतात. असा थर बोटाने पुसला तरी निघतो. शिवाय अमोनिया उडून जातो, त्यामुळे प्रयोग चालू असतानाच द्रावणाचे पीएच मूल्य बदलत राहते.

आता दोष कुठे आहे ते सांगतो. विद्यार्थी 60, 70 आणि 80 अंशांना प्रत्येकी तेवढाच वेळ थर बसवतो. वाढीचा वेग वेगळा असल्याने तिन्ही थरांची जाडी वेगळी येते. जाड थरात स्फटिककण मोठे असतात, एक्सआरडीची शिखरे उंच येतात, पारदर्शकता कमी होते आणि रोधकताही बहुधा घटते. म्हणजे जे बदल तापमानाच्या नावावर लिहिले जातात, त्यांतील किती जाडीमुळे झाले आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. एवढेच नव्हे, तर फार उष्ण बाथमध्ये बरेचसे कॅडमियम द्रावणातल्या साक्यात खर्ची पडत असल्याने थराची अंतिम जाडी उलट कमी होऊ शकते, आणि मग आलेख मध्येच वळतो. त्या वळणालाच ‘सर्वोत्तम तापमान’ असे नाव मिळते.

आपण आपल्या प्रयोगशाळेत तापमानाचा परिणाम आणि जाडीचा परिणाम वेगळे कसे करता? इतर पद्धतींमध्ये तापमानाची भूमिका कशी दिसते, हेही वाचायला आवडेल.

निर्वात

विषय महत्त्वाचा आहे, म्हणून मुळापासून लिहितो. थर बसतो तेव्हा अणू किंवा रेणू पृष्ठभागावर येऊन आदळतात, आणि त्यानंतर त्यांना योग्य जागा शोधण्यासाठी किती सरकता येते यावर जवळजवळ सगळे ठरते. हे सरकणे तापमानाबरोबर घातांकी वाढते. समजा, एका जागेवरून शेजारच्या जागी जाण्यासाठी 0.8 इलेक्ट्रॉन व्होल्टचा अडथळा आहे. 300 केल्विनवरून 700 केल्विनवर गेल्यास उडी मारण्याची शक्यता सुमारे 4.8 कोटी पट होते. तापमान अडीच पटही झालेले नाही, पण अणूची हालचाल कोट्यवधी पटींनी वाढली आहे. म्हणून पृष्ठभागाच्या तापमानातील 20-30 अंशांचा फरकही थराच्या रचनेत स्पष्ट दिसतो.

थराची रचना आणि तापमान यांचा संबंध मोव्हचान आणि डेमचिशिन यांनी 1969 मध्ये मांडला. त्यांनी सब्सट्रेटचे (ज्यावर थर बसतो त्या पृष्ठभागाचे) तापमान आणि पदार्थाचा वितळणबिंदू यांचे केल्विनमधील गुणोत्तर घेतले. ते सुमारे 0.3 पेक्षा कमी असेल तर पोकळ्या असलेले, निमुळत्या टोकांचे स्तंभ तयार होतात; 0.3 ते 0.5 च्या दरम्यान घट्ट, सलग स्तंभाकार कण मिळतात. आणि त्याहून वर कण परस्परांत विलीन होऊन मोठे होतात. थॉर्नटन यांनी 1974 मध्ये स्पटरिंगसाठी (आयनांच्या माऱ्याने पदार्थाचे अणू उडवून थर बसवण्यासाठी) आर्गॉनचा दाब त्यात समाविष्ट केला आणि पहिल्या दोन विभागांच्या मधे एक संक्रमण विभाग दाखवला.

मात्र हे चित्र अर्धवाहकांना जसेच्या तसे लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मुळात धातू आणि ऑक्साइडांच्या जाड थरांवरून आले. सिलिकॉनचा वितळणबिंदू 1687 केल्विन, म्हणून 0.3 हे गुणोत्तर सुमारे 233 अंश सेल्सिअसला येते. परंतु सायलेन वायूपासून कमी दाबाच्या सीव्हीडी (वायूंच्या रासायनिक क्रियेतून थर बसवण्याच्या) भट्टीत सिलिकॉनचा थर बसवला तर साधारण 580 अंशांच्या खाली तो अस्फटिकीच राहतो, आणि 620 अंशांच्या आसपास बहुस्फटिकी मिळतो. सिलिकॉनच्या बंधांना ठरावीक दिशा असतात, त्यामुळे अणूने नुसते सरकून भागत नाही, त्याला नेमक्या कोनात बसावे लागते. उलट, काचपट्टी यांच्या बाथमध्ये 70 अंशांनाही स्फटिकी कॅडमियम सल्फाइड मिळते, कारण तिथे आयन द्रावणातून सुटतो आणि परत विरघळतो, आणि चुकीच्या जागी बसलेल्या आयनाला दुसरी संधी मिळते. त्या 70 अंशांची निर्वात बाष्पीभवनातील 70 अंशांशी तुलना होऊच शकत नाही. पद्धत सांगितल्याशिवाय तापमानाचा आकडा अपुरा आहे.

प्रकल्पार्थी

माझा प्रकल्प याच विषयावर चालू आहे. माझ्या थरांची रोधकता थर बसवण्याचे तापमान वाढवल्यावर कमी झाली. अहवालात मी असे लिहिले आहे की अर्धवाहकाची रोधकता तापमान वाढल्यावर कमी होते, त्यामुळे निकाल अपेक्षित आहे. हे बरोबर आहे का?

काचपट्टी

हे वाक्य अहवालातून काढावे, असे मी आग्रहाने सुचवीन. इथे दोन वेगळी तापमाने एकमेकांत मिसळली आहेत. अर्धवाहक गरम केल्यावर त्याची रोधकता घटते हे मोजमापाच्या वेळच्या तापमानाविषयी आहे. त्यात वाहकांची (वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉन इत्यादींची) संख्या उष्णतेने वाढते आणि थर थंड झाला की पुन्हा पहिल्यासारखा होतो. आपण मात्र सर्व थर खोलीच्या तापमानालाच मोजले असणार. मग त्यांच्यात जो फरक दिसतो तो थर घडताना कायमचा ठरलेला आहे.

बहुस्फटिकी थरात दोन कणांच्या सीमेवर अपूर्ण बंध असतात. ते इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात, तिथे विद्युतभार साचतो आणि वाहकाला ओलांडावा लागणारा एक अडथळा उभा राहतो. सेटो यांनी 1975 मध्ये बहुस्फटिकी सिलिकॉनसाठी हेच प्रारूप मांडले होते. कण मोठे असतील तर तेवढ्याच अंतरात सीमा कमी येतात आणि चलता (वाहकांच्या सरकण्यातली सुलभता) वाढते. दुसरे कारण रासायनिक असू शकते. कॅडमियम सल्फाइडमध्ये गंधकाच्या रिकाम्या जागा इलेक्ट्रॉन देतात, आणि थर बसवण्याच्या तापमानाबरोबर त्यांची संख्या बदलते. रोधकता कोणत्या कारणाने उतरली हे ठरवायचे असेल तर हॉल परिणाम (चुंबकक्षेत्रात निर्माण होणारा आडवा विद्युतदाब) मोजून वाहकांची संख्या आणि चलता वेगवेगळ्या काढाव्या लागतील. ती सोय नसेल तर प्रत्येक थराची रोधकता निरनिराळ्या तापमानांना मोजून सक्रियण ऊर्जा (अडथळा ओलांडायला लागणारी ऊर्जा) काढावी आणि ती ऊर्जा थर बसवण्याच्या तापमानानुसार कशी बदलते ते पाहावे.

फवारा

स्प्रे पायरोलिसिसमध्ये तापमान नुसते कणांचा आकार ठरवत नाही. थेंबाचे काय होणार हेच ते ठरवते. व्हिगी आणि स्पिट्झ यांनी 1975 मध्ये याचे चार प्रकार सांगितले. थंड सब्सट्रेटवर थेंब द्रवरूपातच आपटतो, मग वाळतो आणि नंतर विघटित होतो. असा थर खडबडीत असतो आणि त्यात क्षारांचे अवशेष राहतात. थोडे अधिक तापमान असेल तर विद्रावक वाटेतच उडतो आणि कोरडा क्षार काचेवर पोहोचून तिथे विघटित होतो. त्याहून वर क्षाराचीही वाफ होते आणि काचेजवळ वाफेतून थर वाढतो; सर्वांत चांगले थर येथे मिळतात. आणखी तापवले तर क्रिया हवेतच पूर्ण होते आणि काचेवर भुकटी पडते. टिन ऑक्साइडच्या प्रयोगात हे सगळे टप्पे डोळ्यांनी दिसतात: आधी ढगाळ थर, मग आरशासारखा चकचकीत, आणि शेवटी पांढरी पूड.

फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडसाठी 450 ते 500 अंशांची मर्यादा बहुतेक ठिकाणी वापरतात. त्याखाली क्लोराइडचे अवशेष राहतात आणि स्फटिकीकरण अपुरे असते. या पदार्थात बँड गॅपचा (इलेक्ट्रॉनला वहनपट्ट्यात जायला लागणाऱ्या किमान ऊर्जेचा) अर्थही जपून लावावा लागतो. वाहकांची संख्या खूप वाढली की वहनपट्ट्याचा तळ भरून जातो आणि प्रकाशीय बँड गॅप मोठा दिसू लागतो. त्याला बर्स्टाइन-मॉस सरक म्हणतात. त्यामुळे टॉक आलेखावरून (प्रकाशशोषणावरून बँड गॅप काढण्याच्या आलेखावरून) आकडा वाढलेला दिसला की ‘कण लहान झाले’ असे लिहून मोकळे होऊ नये. टिन ऑक्साइडमध्ये त्याचे कारण बहुधा वाहकांची संख्या असते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. अहवालात लिहिलेले तापमान नेमके कुठले असते? बहुतेक ठिकाणी थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) हॉटप्लेटच्या धातूत बसवलेले असते. काच वर ठेवलेली असते, तिचा आणि धातूचा स्पर्श सगळीकडे सारखा नसतो, आणि फवारा सुरू झाला की द्रावण व वाहक हवा दोन्ही पृष्ठभागाला थंड करतात. नियंत्रकावर 450 दिसत असताना काचेचा वरचा पृष्ठभाग त्याहून बराच थंड असू शकतो. म्हणूनच दोन प्रयोगशाळांची ‘सर्वोत्तम तापमाने’ जुळत नाहीत, आणि त्यावरून लोक पदार्थाच्या गुणधर्मांविषयी वाद घालतात. काचेच्या वरच्या बाजूला बारीक थर्मोकपल चिकटवून, फवारा चालू असताना एकदा तरी वाचन घ्यावे. फवारा थांबवून थांबवून मारण्यामागेही हेच कारण आहे. मधल्या वेळात काच पुन्हा तापते.

निर्वात

फवारा यांच्या मुद्द्याला जोडून एक भर घालतो. गरम काचेवर बसलेला थर शेवटी खोलीच्या तापमानाला येतो, तेव्हा काच आणि थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. साध्या सोडा-लाइम काचेचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे 9 दशलक्षांश असतो. थराचा 5 धरला आणि थर 450 अंशांना बसवला, तर 25 अंशांना येईपर्यंत सुमारे 0.17 टक्के विकृती साठते. आकडा लहान वाटतो, पण एक्सआरडीची शिखरे सरकायला तो पुरेसा आहे. विद्यार्थी ही सरक पाहून जालक स्थिरांक (स्फटिकातील अणूंच्या मांडणीचे ठरावीक अंतर) बदलला, म्हणून रासायनिक रचना बदलली, असे लिहितात. आधी ताण वजा करावा. शेरर सूत्राने कणांचा आकार काढतानाही शिखराच्या रुंदीतला यंत्राचा वाटा आणि विकृतीचा वाटा बाजूला काढला नाही, तर ‘तापमान वाढल्यावर कण 18 वरून 22 नॅनोमीटर झाले’ अशा विधानाला काही आधार उरत नाही.

नीलदीप

मी परदेशात एलईडीच्या स्फटिकवाढीशी संबंधित काम करतो. तापमानाकडे पाहण्याची आमची रीत थोडी वेगळी आहे. आम्ही एका पदार्थासाठी एक तापमान शोधत नाही. एकाच वाढीत तापमान मुद्दाम अनेकदा बदलतो.

गॅलियम नायट्राइडचे उदाहरण पाहा. ते नीलमणीच्या, म्हणजे सफायरच्या चकतीवर 1000 अंशांच्या आसपास वाढवतात. परंतु दोन्हींच्या जालकांमध्ये मोठी तफावत असल्याने थेट या तापमानाला सुरुवात केली तर खडबडीत, भेगाळलेला थर मिळतो. अकासाकी आणि अमानो यांनी 1986 मध्ये आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा अगदी पातळ थर बसवून मग तापमान चढवले, आणि गुळगुळीत स्फटिक मिळाला. नाकामुरा यांनी पुढे 1991 मध्ये तो खालचा थर गॅलियम नायट्राइडचाच वापरला. या तिघांना निळ्या एलईडीसाठी 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. कमी तापमानाचा तो थर स्वतंत्रपणे मोजला तर अगदी निकृष्ट ठरेल. पण त्याच्याशिवाय वरचा उत्तम थर उभा राहत नाही.

नंतर प्रकाश देणारा इंडियम गॅलियम नायट्राइडचा थर येतो आणि तापमान पुन्हा 700 ते 800 अंशांपर्यंत उतरवावे लागते, कारण त्याहून वर इंडियम पृष्ठभागावर टिकत नाही, उडून जाते. इथे तापमान म्हणजे थेट रंग आहे. काही अंश कमी केले की इंडियम अधिक मिसळते, बँड गॅप कमी होतो आणि निळा प्रकाश हिरव्याकडे सरकतो. हिरवा हवा असेल तर तापमान उतरवणे भाग आहे, पण उतरवल्यावर अणूंची हालचाल मंदावते आणि दोष वाढतात. कार्यक्षम हिरवा एलईडी बनवणे निळ्यापेक्षा कठीण पडते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आणखी एक उदाहरण गॅलियम आर्सेनाइडचे. आण्विक शलाका पद्धतीत, म्हणजे एमबीईमध्ये, ते साधारण 580 ते 600 अंशांना वाढवतात. तेच 200 ते 300 अंशांना वाढवले तर सुमारे एक टक्का जादा आर्सेनिक त्यात अडकते आणि प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन पिकोसेकंदाहूनही कमी वेळात पकडले जातात. सौरघटासाठी हा थर निरुपयोगी आहे, पण टेराहर्ट्झ लहरींचे स्पंद निर्माण करायला आणि ओळखायला नेमका हाच थर लागतो. तेव्हा काचपट्टी यांच्या शीर्षकातील प्रश्नाला माझे उत्तर असे की, सर्वोत्तम तापमान पदार्थाला नसते. काम काय आहे ते कळल्यावरच ते विचारता येते.

फवारा

नीलदीप यांच्याशी सहमत आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. ‘जाडी सारखी ठेवा’ हा काचपट्टी यांचा आग्रह प्रत्येक वेळी योग्य नाही. सौरघटासाठी 50 नॅनोमीटरच्या आसपास कॅडमियम सल्फाइड हवे असेल तर बनवणाऱ्याला वेळ, तापमान आणि रसायने यांचा एकत्रित परिणामच हवा असतो. शिवाय जाडी सारखी करण्यासाठी थंड बाथमध्ये थर दीर्घकाळ ठेवावा लागतो, आणि मग वेळ हा नवा बदल शिरतो: अमोनिया अधिक उडतो, आणि थरही द्रावणात जास्त काळ मुरतो. म्हणजे एक गुंता सोडवताना दुसरा निर्माण होतो.

काचपट्टी

आक्षेप रास्त आहे आणि मला तो पूर्णपणे मान्य आहे. वेळही सारखा आणि जाडीही सारखी असे बाथमध्ये साधता येत नाही. म्हणून आता मी प्रत्येक तापमानाला एकच थर न बसवता वेगवेगळ्या वेळांचे थर बसवून जाडी आणि वेळ यांचा आलेख काढून घेण्याचे ठरवले आहे. बाथ झाकलेला ठेवायचा, आणि काच थंड द्रावणात न सोडता द्रावण ठरलेल्या तापमानाला पोहोचल्यावरच आत सोडायची. नाहीतर तापण्याच्या काळात बसलेला थर कोणत्या तापमानाचा म्हणायचा? आलेखाच्या सुरुवातीच्या सरळ भागातून वाढीचा वेग मिळतो. त्या वेगाचा लॉगॅरिदम केल्विन तापमानाच्या व्यस्ताशी मांडला की सक्रियण ऊर्जा निघते. रेषा वरच्या तापमानाला वाकली, तर वेग आता रासायनिक क्रियेवर अवलंबून नसून आयन काचेपर्यंत पोहोचण्यावर, किंवा द्रावणातल्या साक्यात ते खर्ची पडण्यावर अवलंबून आहे, हे कळते. एवढे कळले की कोणत्या तापमानांमधील थरांची तुलना करणे सयुक्तिक आहे, हे ठरवता येते.

बँड गॅपविषयी एक खुलासा. घन कॅडमियम सल्फाइडचा बँड गॅप सुमारे 2.42 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण 512 नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे. कमी तापमानाच्या बाथमधील थरात तो अधिक येतो आणि लहान कणांमधील क्वांटम परिणामाने त्याचे स्पष्टीकरण देतात. कण काही मोजक्या नॅनोमीटरचे असतील तरच ते ग्राह्य आहे. कॅडमियम सेलेनाइडच्या रासायनिक थरांवर हा परिणाम गॅरी होड्स यांनी 1980 च्या दशकात नीट दाखवला: बाथ जितका थंड, तितके स्फटिक लहान आणि थराचा रंग तितका निळ्या बाजूकडे सरकलेला. पण शेरर सूत्राने 20 नॅनोमीटरचे कण मिळाले असतील, तर कॅडमियम सल्फाइडमधील वाढीचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

प्रकल्पार्थी

शेवटची शंका. 60 अंशांना बसवलेला थर नंतर 300 अंशांना तापवला, तर तो अधिक तापमानाला बसवलेल्या थरासारखाच होईल का? आणि प्रोफायलोमीटर नसताना जाडी वजनावरून काढली तर चालेल का?

निर्वात

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. थर बसत असताना हालचाल मुख्यतः पृष्ठभागावर असते आणि तिथला अडथळा कमी असतो. नंतर तापवताना आधीच दडपलेल्या अणूंना थराच्या आतून सरकावे लागते. कॅडमियम सल्फाइडच्या बाबतीत 300 ते 400 अंशांना घनाकृती रचनेचे षट्कोनी रचनेत रूपांतर होऊ शकते, कण वाढतात आणि बँड गॅप घटतो. हवेत तापवल्यास ऑक्साइड होण्याचाही धोका असतो. परंतु स्तंभांमधल्या पोकळ्या आणि सुरुवातीला ठरलेली स्फटिकांची दिशा बरीचशी तशीच राहते. उलट, हायड्रोजनयुक्त अस्फटिकी सिलिकॉनचे पाहा. तो 200 ते 250 अंशांना बसवतात, आणि त्यातला सुमारे दहा टक्के हायड्रोजन तुटके बंध झाकून ठेवतो. तो थर नंतर 400 अंशांच्या वर तापवला तर हायड्रोजन निघून जातो आणि थर बिघडतो. 

फवारा

वजनाबद्दल मी सांगतो. कॅडमियम सल्फाइडची घनता दर घन सेंटिमीटरला 4.82 ग्रॅम आहे. 25 गुणिले 75 मिलिमीटरच्या नेहमीच्या काचेवर 100 नॅनोमीटरच्या थराचे वजन सुमारे 0.9 मिलिग्रॅम भरते. तराजू 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच वाचत असेल तर उत्तरात दहा टक्क्यांहून अधिक चूक राहणार, म्हणून 50 नॅनोमीटरच्या थरासाठी ही पद्धत मी वापरणार नाही. बाथमध्ये थर काचेच्या दोन्ही बाजूंना बसतो. एक बाजू सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेल्या कापसाने, हातमोजे घालून आणि वायुवीजन असलेल्या जागी पुसावी, आणि तो कापूस व उरलेले द्रावण बेसिनमध्ये न टाकता कॅडमियमच्या कचऱ्याच्या बाटलीत ठेवावे. वजनावरून काढलेली जाडी थर पूर्ण भरीव आहे असे धरून येते. पोकळ्या असतील तर खरी जाडी त्याहून जास्त असते. जवळच्या विद्यापीठात दोन-तीन नमुन्यांची जाडी प्रोफायलोमीटरने मोजून मिळाली, तर ती वजनाच्या जाडीशेजारी मांडा; 60 अंशांच्या आणि 80 अंशांच्या थरांत ही तफावत वेगळी आली, तर पोकळ्यांचे प्रमाण तापमानाबरोबर बदलत असल्याचा तो तुमच्याच प्रकल्पातला पुरावा ठरेल, आणि रोधकतेचा आलेख वाचताना तो सोबत ठेवावा लागेल.